मुरबाडकडे ११ गुंठे, ३०० चौरस फुटांचे घर: जोते, छप्पर, पाणी, कागद

दादर_पश्चिम
मुरबाड तालुक्यात ११ गुंठे जागा आहे, गावठाणाच्या हद्दीपासून साधारण दीडशे मीटरवर. तिथे १५ बाय २० फुटांचे बैठे घर बांधायचे आहे: एक खोली, ओटा, मोरी-संडास. जागेला पश्चिमेकडे उतार आहे. पश्चिमेचा खालचा कोपरा काळ्या मातीचा, बाकी मुरूम. ट्रक जाईल असा कच्चा रस्ता आहे. राहणे शनिवार-रविवार, पावसाळ्यात महिना महिना कुलूप. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत: कामाचा क्रम, मालाचे माप आणि कुठे हमखास चुकते ते. दर नकोत, ते गावागणिक बदलतात.

सातबारा
आधी कागद, मग फावडे.

ताजा ७/१२ आणि ८अ (खातेदाराचा उतारा) काढा. ७/१२ वर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहा. वर्ग २ (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल किंवा इतर हक्कांत कुळकायदा कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवरच्या बंधनाचा शेरा असेल, तर परवानगीचा प्रश्न वेगळा होतो. इतर हक्कांत 'खाजगी वन' किंवा वनाची नोंद असेल तर तिथेच थांबा आणि आधी ते निस्तरा. सगळे फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) क्रमाने काढून वाचा. सातबारा आज काय आहे ते सांगतो, जमीन कशी हातोहात आली ते फेरफार सांगतात.

जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४२-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहत्या घरासाठी बिगरशेती (एनए) वापराची तरतूद आली. तुमची जागा त्यात बसेलसे दिसते, पण अंतर डोळ्यांनी ठरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या. तीवर हद्द, क्षेत्र, शेजारचे गट सगळे येते. मग रूपांतरण कर भरून सनद (बिगरशेती वापराचे सरकारी पत्र), ही आतापर्यंतची वाट, आणि त्यानंतर आर्किटेक्टच्या नकाशावर बांधकाम परवानगी. एनएचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत, म्हणून अर्जाआधी तहसील कार्यालयात आजची पद्धत विचारून घ्या. शेतघराच्या वाटेने जायचे म्हटले तर त्याला किमान क्षेत्राची अट असते, ४० गुंठ्यांची. ११ गुंठ्यांत ती वाट नाही.

रस्त्याचे स्वतंत्र बघा. ट्रक जातो म्हणजे रस्ता आहे असे नाही. गावनकाशात तो दाखवला आहे का ते पाहा. नसेल तर ज्या गटातून तो जातो त्या शेजाऱ्याकडून नोंदणीकृत हक्क घ्या. घर झाल्यावर ही बोलणी करायला बसलात तर महाग पडतात.

आणि घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ग्रामपंचायत कर आकारते, म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

ओळंबा
सातबारांनी कागदाचे सांगितले, मी मातीचे सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच: या पट्ट्यात घर टिकते ते जोत्यावर आणि छपरावर. भिंत, फरशी, रंग हे पुढल्या वर्षीही सुधारता येते. जोते (घराचा जमिनीवरचा उंच पाया) कमी पडले किंवा वळचण (भिंतीबाहेर आलेले छप्पर) आखूड राहिली तर घर मोडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. पैसे कमी असतील तर भिंतीला गिलावा करू नका, पण या दोन जागी हात आखडू नका.

घर काळ्या मातीवर बांधायचे नाही. ११ गुंठे म्हणजे जवळजवळ १२ हजार चौरस फूट, त्यातले ३०० हवेत. वर, मुरमाकडे सरका. एप्रिल-मेमध्ये त्या कोपऱ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत लोखंडी पट्टी घालून बघा, किती आत जाते ते. तितकी माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आकसते. त्यावरचे जोते तीन-चार वर्षांत कोपऱ्यात तिरके फाटते. आणि भेग खिडकीच्या कोनातून निघाली की ती कितीही भरा, परत येते.

ठरलेल्या जागी तीन खड्डे मारून पाहा, ५ फूट खोल. कुदळ ठणकायला लागली की कठीण मुरूम लागला समजा. पायाचा चर २ फूट रुंद आणि कठीण मुरमापर्यंत, निदान ३ फूट खोल. ७० फूट परिघाला ही खोदाई साधारण ४२० घनफूट होते. तळाला ४ ते ६ इंच पीसीसी (लोखंडाविना काँक्रीट), सिमेंट-वाळू-खडी १:४:८. त्यावर काळ्या दगडाचे रबल बांधकाम १८ इंच रुंद, १:६ मालात. दर चार-पाच फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड टाकायला सांगा. तो टाळला की बाहेरचा आणि आतला थर सुटे होतात. गवंडी नेमका हाच दगड वाचवतो, तेव्हा स्वतः उभे राहून मोजा.

आखणीला तुमचे माप फार सोयीचे आहे. १५ आणि २० च्या काटकोनाचा कर्ण बरोबर २५ फूट येतो. चारी खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २५ च हवेत. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी खुंटी हलवा. गुण्या (काटकोन) नीट नसेल तर छपराची पहिली रिप (आडवी पट्टी) मारताना ते उघडे पडते आणि तेव्हा उपाय नसतो.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. जोते '२ फूट' ठरते, पण ते मोजतात कुठून? उतारावर खालच्या बाजूने मोजले तर तिथे २ फूट दिसते आणि वरच्या बाजूला चार-सहा इंच उरते. मग जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला वरून वाहत आलेले पाणी सरळ दारात. तुमचा उतार पश्चिमेला आहे, म्हणजे उंच बाजू पूर्वेची. लेव्हल पाइप लावून पूर्वेच्या जमिनीपासून २ फूट वर रेघ मारा, पश्चिमेला ते साडेतीन-चार फूट झाले तरी चालेल. त्या बाजूला खाली मिळालेल्या जागेत पायऱ्या किंवा सामानाची कोठी करा. शिवाय पूर्वेला घरापासून सहा-आठ फुटांवर अर्धचंद्राकृती चर काढा, १ फूट रुंद, दीड फूट खोल, दोन्ही टोके घराच्या बाजूने उताराकडे वळवलेली. वरून येणारे पाणी घराला वळसा घालून गेले पाहिजे.

प्लिंथ बीम (जोत्याच्या माथ्यावरची काँक्रीटची तुळई) ९ बाय ९ इंच, १२ मिमीचे ४ गज, ८ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर. जोड धरून १२ मिमीचे साधारण ८३ किलो, ८ मिमीचे ४० किलो. काँक्रीट ४० घनफुटांच्या आसपास, १:१.५:३ ने सुमारे ९ गोणी सिमेंट. गोणीमागे पाणी २५ लिटर, त्याहून जास्त नाही. कामगार पाणी वाढवतात कारण पातळ काँक्रीट हलवायला सोपे जाते, पण ताकद तिथेच जाते. बीमच्या माथ्यावर डांबराचे दोन हात द्या, म्हणजे खालची ओल भिंतीत चढणार नाही.

आतला भराव मुरमाचा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकायचा. ३०० चौरस फूट गुणिले २ फूट म्हणजे ६ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट), बसून कमी होतो म्हणून साडेसात ब्रास मागवा. उतारामुळे पश्चिमेचा भराव वाढेल, तो आखणीनंतर मोजून धरा. काळी माती भरावात टाकू देऊ नका, शेतातली 'फुकट आहे' म्हणून कितीही आग्रह झाला तरी. भरावाच्या माथ्यावर वाळवीचे औषध लेबलवरच्या प्रमाणात पातळ करून दर चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे तुम्हाला साधारण १४० लिटर द्रावण. फरशीखालचे पीसीसी पडण्याआधीच ते करायचे. नंतर भोके पाडून केलेले काम तितके पोचत नाही.

दादर_पश्चिम
ओळंबाजी, आभार. पूर्वेकडून मोजायचे हे लक्षात आले नव्हते. भिंतीला एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक की भट्टीची वीट?

ओळंबा
दोन्ही चालतात. एएसी हलके, उचलायला सोपे आणि उन्हाळ्यात आत गारवा राहतो, पण पाणी पितात. म्हणून जोत्यावर पहिले २ फूट दगड किंवा भरीव सिमेंटचे ठोकळे बांधा आणि एएसी त्यावर. पागोळीचे पाणी जमिनीवर आपटून दीड-दोन फूट उडते. त्या पट्ट्यात नुसता एएसी ठेवला तर गिलावा सोलतो. २४ बाय ८ इंचांचा ब्लॉक, भिंत १० फूट उंच, दारे-खिडक्या वजा केल्यावर आणि खालचे २ फूट सोडल्यावर साधारण ४०० नग, तुटफूट धरून. वीट निवडलीत तर भट्टीवर दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐका. खणखणीत हवा. बद आवाजाची वीट आतून कच्ची.

लिंटेलच्या (दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या) उंचीवर चारही भिंतींवरून सलग आरसीसी (गज घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा न्या, नुसत्या दारा-खिडक्यांवर तुकडे नकोत. ठाणे-मुंबई भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते आणि सुट्या भिंती बांधून धरायचे काम तो पट्टा करतो.

वळचण
छपरावर लिहिते.

तीन बाजूंनी वळचण २ फूट आणि एका बाजूला ओटा, असे नकाशे सर्रास दिसतात. चारही बाजूंनी ३ फूट ठेवा. इथला पाऊस सरळ पडत नाही, नैर्ऋत्येकडून तिरका येतो, झड मारतो. पश्चिमेची भिंत ओली राहिली की आतून बुरशी धरते, कपाटातले कपडे वास मारतात, आणि बंद घरात ते महिनाभर कळतही नाही. १५ बाय २० ला ३ फुटी वळचण म्हणजे छप्पर २१ बाय २६ फुटांचे. दोन पाखी (छपराचे उतार); आढे (दोन पाख्यांच्या माथ्याची ओळ) लांबीच्या दिशेत नाही तर १५ फुटांच्या बाजूला समांतर धरा, असे काही जण सुचवतात कारण मग ओट्यावर पागोळी पडत नाही. माझे मत उलट आहे. आढे लांब बाजूला समांतरच ठेवा, म्हणजे कैची (छपराची त्रिकोणी चौकट) लहान राहते आणि लोखंड वाचते. ओट्यावर हवे तर पन्हाळ लावा.

३० अंशांचा उतार धरला तर वळचणीपासून आढे साधारण ६ फूट वर येते आणि पाख्याची लांबी १२ फुटांच्या थोडी वर. छपराचे प्रत्यक्ष क्षेत्र ६३० चौरस फूट भरते. मंगलोरी कौले फुटाला दीड या हिशोबाने साडेनऊशे, फुटीला धरून हजार घ्या, आढ्यावरचे कोने वेगळे. वजन अडीच टनांच्या आसपास, पावसात कौल पाणी पिऊन आणखी जड. कैच्या आणि वासे त्या हिशोबाने हवेत. पत्र्याच्या मापाच्या हलक्या कैचीवर पुढे कौले चढवू नका. रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका: तुमच्या लॉटमधली दहा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मांडा, पहिल्याच्या वरच्या कडेपासून दहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, नऊने भागा. भट्टीगणिक पाव इंचाचा फरक पडतो आणि शेवटच्या ओळीला तो अडीच-तीन इंच होऊन बसतो.

आढे
वळचणताईंचे सगळे मान्य, पण इथे नुसती कौले नकोत. या पट्ट्यात वानरांची टोळी छपरावरून गेली की कौले सरकतात आणि फुटतात. राहते घर असेल तर लगेच दिसते आणि माणूस चढून बदलतो. हे घर पावसात बंद आहे. एक सरकलेले कौल म्हणजे महिनाभर गादीवर धार. पत्राच घाला.

०.५० मिमी रंगीत लेपाचा पत्रा. पाखे १२ फुटांचे म्हणजे साडेबारा फुटी एकच पत्रा, मध्ये आडवा सांधा नाही. झाकण-रुंदी १ मीटर धरली तर एका पाख्याला ८, दोन मिळून १६. बसवायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकापासून करा. वारा नैर्ऋत्येचा, तर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या टोकापासून, म्हणजे शेजारच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे राहत नाही आणि झड आत शिरत नाही. फिटर जिथे शिडी लावायला सोपे तिथून सुरू करतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवा. स्क्रू उंचवट्यावर, खाचेत नाही. वॉशरचे रबर पत्र्याला टेकून किंचित फुगले की थांबायचे. रबर बाजूने बाहेर आले म्हणजे जास्त आवळले, तो एक-दोन उन्हाळ्यांत तडकून गळतो. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या ओळींत एकाआड एक.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा पत्रे कडेपासून उचलले गेले, मधून नाही. वारा वळचणीखाली शिरून वर ढकलतो. म्हणून कैचीची पायपट्टी भिंतीवर नुसती ठेवून चालत नाही. भिंतीच्या माथ्यावरच्या आरसीसी पट्ट्यात १२ मिमीचे वाकवलेले बोल्ट काँक्रीट ओततानाच पुरून घ्या. नंतर ड्रिल करून ठोकलेले फास्टनर एएसीत धरत नाहीत.

वळचण
आढे यांचा वानरांचा मुद्दा बरोबर आहे. बंद घरासाठी मी नुसत्या कौलांचा आग्रह सोडते. पण उघड्या पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही आणि पावसाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. म्हणून दोन्ही: खाली पत्रा, वर कौल. एक काळजी घ्या. आडवी रिप थेट पत्र्यावर ठोकली तर कौलातून झिरपलेले पाणी रिपेमागे तुंबते, पालापाचोळा साठतो, पत्रा तिथेच गंजतो. आधी उताराच्या दिशेने उभी पट्टी मारा, तिच्यावर आडवी रिप. मधल्या पोकळीतून पाणी खाली जाते आणि हवा वर जाते. गारवा त्या पोकळीतून मिळतो. तिची दोन्ही टोके उघडी ठेवून जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि वटवाघळे येतात.

बजेट दोन्हीला पुरत नसेल तर यंदा पत्रा, पुढल्या वर्षी कौले. फक्त कैच्या आजच अडीच टनांच्या घाला.

कसारा_लोकल
मध्येच विचारतो. हे सगळे टाळून तयार पोर्टेबल केबिन आणून ठेवली तर? परवानगीही लागत नाही म्हणतात.

सातबारा
म्हणणाऱ्यांवर जाऊ नका. प्रश्न जमिनीच्या वापराचा आहे. राहायला वापरली की ती विटांची आहे की लोखंडाची, याने फारसा फरक पडत नाही. अधिकृत सनद असेल तर केबिन ठेवा, हरकत नाही.

ओळंबा
ठेवलीत तर जमिनीवर ठेवू नका. १८ इंच वर, काँक्रीटच्या खांबांवर, खालून हवा खेळती. आणि वर स्वतंत्र छप्पर, चारी बाजूंनी ३ फूट बाहेर. नुसत्या केबिनच्या सांध्यांत भरलेले सिलिकॉन दोन-तीन उन्हाळ्यांत सुटते. म्हणजे छप्पर आणि पाया इथेही आलेच.

पाणकळा
पाणी आणि संडास.

दोन-तीन माणसे, तीही शनिवार-रविवार. मोठी सेप्टिक टाकी लागत नाही. दोन शोषखड्ड्यांचा संडास या वापराला चांगला: दोन गोल खड्डे, आतला व्यास १ मीटर, खोली १ मीटरच्या थोडी वर, दोन्हींत निदान १ मीटर अंतर, बाजूंना जाळीची वीट बांधणी, तळ मातीचाच. मध्ये वाय चेंबर (मैला हव्या त्या खड्ड्याकडे वळवायची दोन तोंडांची पेटी). एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याचे तोंड बंद. पहिला भरला की वळवायचे. बंद खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत खतासारखा कोरडा होतो. संडासच्या भांड्यापासून चेंबरपर्यंत ४ इंची पाइप, २० फुटांना ५-६ इंच उतार. विहीर किंवा बोअरपासून १५ मीटर लांब आणि तिच्यापेक्षा खालच्या बाजूला.

पण काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही, तेव्हा त्या रिकाम्या कोपऱ्यात संडास सरकवायचा मोह टाळा. ऑगस्टमध्ये जमिनीतले पाणी खड्ड्याच्या तळाशी येत असेल तर खड्डे उथळ करून वर उचला आणि भोवती मुरमाचा बांध घाला. ते कळायला यंदाच्या पावसात ४ फुटांचा एक खड्डा उघडा ठेवून त्यावर आडोसा करा, पाणी कुठवर चढते ते रेघ मारून ठेवा. सेप्टिक टाकीच हवी असेल तर ५ माणसांसाठी भारतीय मानकातले माप दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर.

बोअर मारायचा तर मेमध्ये. ऑक्टोबरमध्ये लागलेले पाणी पुढच्या एप्रिलला टिकेल याची खात्री नसते. केसिंग पाइप वरच्या मुरमाच्या थरातून खाली पक्क्या खडकात बसेपर्यंत घाला. केसिंगवर फूट वाचवलेल्या बोअरमध्ये पावसात गढूळ पाणी उतरते. त्याआधी आजूबाजूच्या विहिरींची मेमधली पातळी विचारा, ही माहिती गावात कुणीही देते. छपराचे पाणी वेगळे: तुमच्या २१ बाय २६ च्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला की ५ हजार लिटर येतात, पण ते पावसाळ्यातच, जेव्हा पाणी असतेच. म्हणून त्यासाठी मोठी टाकी बांधू नका. हवे तर ते बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा, पहिल्या दोन-तीन सरी वाहून गेल्यावर.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती एएसीच्या भिंतीवर ठेवू नका, तिला वेगळा लोखंडी स्टँड आणि त्याला स्वतःचा पाया.

आढे
विजेचे थोडक्यात. महावितरणच्या जवळच्या खांबाचे अंतर जागा ठरवतानाच मोजा, खर्च त्यावर ठरतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवीच. अर्थिंगचा खड्डा अशा जागी घ्या जिथे जमीन ओलसर राहते. खडकाळ मुरमात कोरडी अर्थिंग नावालाच असते, तिची जोडणी मे महिन्यात मीटरने तपासा. मेन स्विचवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावा, या बाजूला मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये विजा पडतात.

ओळंबा
क्रम. भात कापणी झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस खोदाई. त्याआधी शेतातून ट्रक नेता येत नाही आणि हातही मिळत नाहीत. जानेवारीत जोते, मार्चपर्यंत भिंती, १५ मेपर्यंत छप्पर. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे, पण वळवाच्या सरी त्याआधी येतात. फेब्रुवारीअखेर भिंती लिंटेलपर्यंत आल्या नसतील तर यंदा जोत्यावरच थांबा. जोते ताडपत्रीखाली झाकून पावसाळा जाऊ द्या, त्याला काही होत नाही. भराव एका पावसात आणखी बसतो, उलट बरे. अर्धवट भिंती उघड्या पावसात सोडणे मात्र वाईट.

मुरूम आणि दगड आणणाऱ्याकडे रॉयल्टीची (गौण खनिजावरच्या सरकारी शुल्काची) पावती मागा. पावतीशिवायचा डंपर अडला तर काम अडते.

मुंबईतून काय न्यावे: वायर, स्विच, एमसीबी लोहार चाळीतून, नळ-हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटवरून. लोखंड मात्र कळंबोलीच्या लोखंड बाजारात बघा. जुन्या इमारती पाडतात तिथले सागवानी दरवाजे-खिडक्या मिळाल्या तर जरूर घ्या, असे लाकूड आता नव्याने परवडत नाही. फक्त आधी चौकट घ्या आणि मग भिंतीत त्या मापाची जागा सोडा. उलटे केले की सुतार चौकट कापतो आणि तिचे जुने सांधे निकामी होतात. चौकटीचा पाय टोकदार खिळ्याने टोचून बघा. खिळा आत गेला तर तो भाग कुजलेला आहे.

दादर_पश्चिम
खूप मोलाचे. मोजणीचा अर्ज याच आठवड्यात करतो, आणि पाणकळा म्हणतात तसा ४ फुटांचा खड्डा यंदाच्या पावसात ठेवतो. शेवटचा प्रश्न: पावसात महिनाभर कुलूप, तर निघताना काय काय करून निघावे?

वळचण
मेन स्विच बंद, टाकीचा व्हॉल्व्ह बंद. मोरीच्या आणि बेसिनच्या जाळीत अर्धा मग पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल टाका. पाणी वाळून सापळा रिकामा होत नाही आणि गटाराचा वास, झुरळे आत येत नाहीत. संडासच्या भांड्यावर झाकण ठेवा. गाद्या उभ्या करून भिंतीपासून हातभर लांब. कपाटाची दारे उघडी. पूर्व-पश्चिम भिंतींत वर, वळचणीच्या आडोशाला जाळीचे झरोके असतील तर ते कधीच बंद करू नका, वर्षभर.

आढे
आणि पन्हाळ असेल तर जूनच्या आधी एकदा, मग गणपतीच्या आसपास एकदा हात घालून साफ करा. सागाची पाने त्या पट्ट्यात पन्हाळ भरायला दोन आठवडेही घेत नाहीत. भरली की पाणी उलटे वळून थेट भिंतीच्या माथ्यावर जाते.